विश्लेषण : कॉन्फरन्सने दार उघडले नाही, म्हणून देशभर खेळले... नूट रॉकनी यांनी अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे वेळापत्रक कसे बदलले?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा नकाशा गेल्या काही वर्षांत पार बदलला आहे. ‘बिग टेन’ या कॉन्फरन्समध्ये २०२४ पासून दहा नव्हे, अठरा विद्यापीठे आहेत. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड विद्यापीठ आता ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळते. ‘पॅक-ट्वेल्व्ह’ ही पश्चिमेकडची जुनी कॉन्फरन्स तर काही काळ अवघ्या दोन सदस्यांवर आली होती. या उलथापालथीत इंडियाना राज्यातील नोटर डेम हे विद्यापीठ मात्र फुटबॉलपुरते अजूनही कोणत्याही कॉन्फरन्सचे सदस्य नाही. हा स्वतंत्र बाणा नोटर डेमने हौसेने स्वीकारला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात नकारातून झाली. त्या नकाराला वेळापत्रकातून उत्तर देणाऱ्या नूट रॉकनी या प्रशिक्षकाची ही कहाणी.

कॉन्फरन्स म्हणजे काय? वेळापत्रकाला एवढे महत्त्व का?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला अडवून पाडण्याचा खेळ. विद्यापीठांचे संघ शरद ऋतूत आठवड्याला साधारण एक सामना खेळतात. त्यामुळे अख्ख्या हंगामात मोजकेच सामने होतात आणि ते कोणाशी, कोठे, कोणत्या शनिवारी खेळायचे यावर संघाची प्रतिष्ठा आणि उत्पन्न, दोन्ही ठरते. रॉकनींच्या काळात साऱ्या देशासाठी सामने ठरवणारी मध्यवर्ती यंत्रणा नव्हती. क्रिकेटमध्ये दोन देशांची मंडळे आपसात बोलून द्विपक्षीय मालिका ठरवतात, तसेच दोन विद्यापीठांचे क्रीडा संचालक पत्रव्यवहार करून सामना ठरवत. पाहुण्या संघाला हमीची रक्कम द्यायची की तिकीटविक्रीतला वाटा, पुढच्या वर्षीचा सामना कोणाच्या मैदानावर, हे करारात लिहिले जाई.

कॉन्फरन्स म्हणजे अशा विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेली संघटना. सदस्यांनी शक्यतो एकमेकांशी खेळायचे, खेळाडूंच्या पात्रतेचे समान नियम पाळायचे, असा तिचा पाया. मध्य-पश्चिम भागातील सात विद्यापीठांनी १८९६ मध्ये शिकागो येथे अशी संघटना उभारली. ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ या नावाने ती ओळखली जाई. आजची ‘बिग टेन’ ती हीच. सदस्य असले की दर वर्षीचे निम्म्याहून अधिक सामने घरबसल्या ठरत. बाहेर असले की प्रत्येक शनिवारसाठी पत्रे लिहीत बसावे लागे.

सदस्यत्वाची ताकद किती होती, हे मिशिगनच्या उदाहरणावरून दिसते. फुटबॉलमधील हिंसा आणि गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी कॉन्फरन्सने १९०६ मध्ये हंगामातील सामने पाचवर आणले आणि खेळाडूंना जास्तीत जास्त तीन वर्षांची मुभा ठेवली. हे न पटल्याने मिशिगन १९०८ मध्ये बाहेर पडले. त्यानंतर जुन्या प्रतिस्पर्ध्यांबरोबरचे त्यांचे सामने आटत गेले. मिनेसोटाबरोबरचा गाजलेला सामना १९१० नंतर थेट १९१९ मध्ये, म्हणजे मिशिगन १९१७ मध्ये कॉन्फरन्सकडे परतल्यावरच पुन्हा झाला. मिशिगनसारख्या बलाढ्य संघाची ही गत, तर साऊथ बेंड गावातील एका लहान कॅथलिक विद्यापीठाची काय असेल?

रॉकनी कोण होते?

नूट रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेत आले आणि पाठोपाठ कुटुंबही आले. त्या वेळी नूट पाच वर्षांचे होते. शिकागोच्या लोगन स्क्वेअर भागातील मोकळ्या जागांवर ते फुटबॉल शिकले. शाळा सुटल्यावर त्यांनी शिकागोच्या टपाल कार्यालयात काही वर्षे नोकरी केली आणि शिक्षणासाठी पैसे साठवले. १९१० मध्ये ते नोटर डेममध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय २२ होते. वर्गातले बहुतेक सोबती त्यांच्यापेक्षा लहान.

लूथरपंथी घरातला हा नॉर्वेजियन तरुण कॅथलिक विद्यापीठात रमला. रसायनशास्त्रात त्यांनी उत्तम गुणांनी पदवी मिळवली. पुढे कृत्रिम रबरावरील संशोधनासाठी प्रसिद्ध झालेले फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले आणि काही काळ रसायनशास्त्र शिकवलेही. फुटबॉल मात्र सुटला नाही. १९१३ मध्ये ते संघाचे कर्णधार होते.

नोटर डेमला आसपासचे संघ का टाळत?

रॉकनी दाखल झाले त्याच वर्षी याचे उत्तर मिळाले. नोटर डेमला १८८७ मध्ये फुटबॉल शिकवला तो मिशिगनच्या विद्यार्थ्यांनीच. पुढची २० वर्षे मिशिगन हरले नाही. १९०९ मध्ये नोटर डेमने ११-३ असा पहिला विजय मिळवला. पुढच्या वर्षी सामना अगदी तोंडावर आला असताना मिशिगनने तो रद्द केला. नोटर डेमच्या दोन खेळाडूंची पात्रतेची मुदत संपली आहे, असे कारण मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या बाजूने देण्यात आले. या दोन विद्यापीठांत त्यानंतर १९४२ पर्यंत एकही सामना झाला नाही. म्हणजे रॉकनींच्या संपूर्ण कारकीर्दीत, खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही, शेजारचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी त्यांच्या वेळापत्रकात कधीच आला नाही.

नियमांची तक्रार पूर्ण खोटी नव्हती. त्या काळी अनेक विद्यापीठांत खेळाडू वर्षानुवर्षे खेळत, एका कॉलेजातून दुसऱ्यात जात, रविवारी टोपणनावाने व्यावसायिक सामन्यांत उतरत. नोटर डेमही त्याला अपवाद नव्हते. पण नियमांआड धर्माचाही प्रश्न होता. कॉन्फरन्समधील विद्यापीठे सरकारी किंवा प्रॉटेस्टंट परंपरेतील. नोटर डेम कॅथलिक धर्मगुरूंच्या हाती. आयरिश, पोलिश, इटालियन स्थलांतरितांच्या या पंथाकडे बऱ्याच अमेरिकनांची नजर संशयाची होती. योस्ट यांच्या विरोधामागे हा आकस असल्याचे अनेक इतिहासकार मानतात.

१९१३ मध्ये काय घडले?

त्या वर्षी जेसी हार्पर नोटर डेमचे प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक झाले. शेजारी खेळायला तयार नाहीत, हे पाहून त्यांनी दूरवरच्या विद्यापीठांना पत्रे पाठवली. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या, म्हणजे आर्मीच्या संघाला १ नोव्हेंबरचा शनिवार मोकळा होता. एक हजार डॉलरच्या हमीवर सामना ठरला. याशिवाय पेनसिल्व्हेनिया, दक्षिण डकोटा आणि टेक्सासमधील संघही वेळापत्रकात आले.

त्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्यांचा मित्र गस डोरे ओहायोतील सीडर पॉइंट या पर्यटनस्थळी काम करत होते. फावल्या वेळी ते वाळूत चेंडू फेकण्याचा आणि धावता धावता झेलण्याचा सराव करत. पुढे चेंडू फेकण्याची परवानगी नियमांनी १९०६ मध्येच दिली होती. बडे संघ तिचा वापर क्वचित करत. वेस्ट पॉइंटला डोरे यांनी फेकलेल्या चेंडूंनी आर्मीचा बचाव उधळून लावला. नोटर डेम ३५-१३ असे जिंकले. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांना मध्य-पश्चिमेतील या अनोळखी विद्यापीठाची दखल घ्यावी लागली. नाइलाजाने ठरवलेला दूरचा सामना शेजाऱ्यांशी खेळलेल्या दहा सामन्यांपेक्षा अधिक नाव मिळवून देतो, हा धडा कर्णधार रॉकनींनी मनात पक्का केला.

प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी काय केले?

हार्पर यांचे सहायक म्हणून काम केल्यावर १९१८ मध्ये रॉकनी मुख्य प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक झाले. संघ तयार करणे आणि सामने ठरवणे ही दोन्ही कामे आता एकाच माणसाकडे होती. मैदानातील डावपेच, चपळ हालचाली, सामन्याआधीची त्यांची जोशपूर्ण भाषणे यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. कार्यालयातील त्यांच्या कामाची चर्चा तुलनेने कमी झाली. खेळाडूंचा सराव आटोपला की करारांची पत्रे, रेल्वेची आरक्षणे, तिकिटांचा हिशेब, पंचांच्या नेमणुका हे सारे ते पाहत.

वेळापत्रकाची त्यांची रीत साधी होती. हंगामाची सुरुवात जवळच्या लहान कॉलेजांशी, घरच्या मैदानावर करायची. तिथे नवे खेळाडू तयार होत. मग मोठ्या शहरांकडे वळायचे. साऊथ बेंडमधील कार्टियर फील्ड हे लाकडी बाकांचे मैदान लहान होते. तिथे बड्या संघांना बोलावून दोघांनाही फारसे काही मिळत नसे. म्हणून शक्य तिथे न्यूयॉर्क, शिकागो, पिट्सबर्ग येथील प्रचंड मैदाने निवडायची आणि उत्पन्नाचा वाटा घ्यायचा. या शहरांत कॅथलिक स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. त्यांतील बहुतेकांनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, पण नोटर डेम त्यांना आपला संघ वाटू लागला. आर्मीबरोबरचा सामना १९२३ मध्ये ब्रुकलिनला, १९२४ मध्ये पोलो ग्राउंड्सवर आणि १९२५ मध्ये यांकी स्टेडियमवर झाला. लष्करी अकादमीच्या आवारातला सामना न्यूयॉर्क शहराचा सोहळा झाला.

१९२४ चे वेळापत्रक एवढे गाजले कशामुळे?

त्या हंगामाकडे पाहिले की रॉकनींची पद्धत स्पष्ट कळते. सुरुवातीला लोम्बार्ड आणि वॉबॅश या लहान कॉलेजांवर मोठे विजय. मग न्यूयॉर्कमध्ये आर्मी, १३-७. पुढच्या शनिवारी प्रिन्स्टन, त्यांच्याच गावी, १२-०. पुढे दक्षिणेतील जॉर्जिया टेक, कॉन्फरन्समधील विस्कॉन्सिन, पश्चिमेकडचे नेब्रास्का, शिकागोत नॉर्थवेस्टर्न आणि पिट्सबर्गमध्ये कार्नेगी टेक. नऊ सामने, नऊ विजय. आर्मीविरुद्धच्या विजयानंतर क्रीडा पत्रकार ग्रँटलँड राइस यांनी नोटर डेमच्या चार आघाडीच्या खेळाडूंना ‘चार घोडेस्वार’ हे नाव दिले आणि ते अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात कायमचे राहिले.

हंगामाचा शेवट कॅलिफोर्नियात झाला. पॅसाडेनाच्या ‘रोझ बोल’ सामन्यासाठी संघ दक्षिणेकडून वळसा घेत रेल्वेने गेला. १ जानेवारी १९२५ रोजी त्यांनी स्टॅनफर्डला २७-१० असे हरवले. पूर्व, दक्षिण, मध्य-पश्चिम आणि पश्चिम किनारा अशा देशाच्या चारही भागांतील संघांना एकाच हंगामात हरवणारा संघ म्हणून नोटर डेमला राष्ट्रीय विजेता मानले गेले. स्वतःच्या कॉन्फरन्समध्येच बहुतांश सामने खेळणाऱ्या संघाला हे जमणे कठीण होते.

याची किंमतही होती. एवढ्या प्रवासात विद्यार्थ्यांचे वर्ग बुडतात, अशी टीका होऊ लागली. वृत्तपत्रे संघाला ‘रॉकनींचे भटके’ म्हणू लागली. विद्यापीठाच्या धर्मगुरूंना ते नाव आवडत नसे, कारण अभ्यास सोडून फिरणारी मुले असा त्याचा अर्थ निघे. हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यांना विद्यापीठाने नकार दिला आणि नोटर डेम पुढचा असा सामना थेट १ जानेवारी १९७० रोजी खेळले.

धर्माचा प्रश्न मैदानापर्यंत पोहोचला का?

विजयांच्या त्याच वर्षी इंडियाना राज्यात कु क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीय, ज्यू आणि कॅथलिक यांच्या विरोधातील संघटना सत्तेच्या जवळ पोहोचली होती. मे १९२४ मध्ये क्लॅनचा मेळावा साऊथ बेंडमध्ये भरला, तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि हाणामारी झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी मध्ये पडून विद्यार्थ्यांना आवरले. नेब्रास्कातील लिंकन येथे नोटर डेमच्या खेळाडूंना प्रेक्षकांकडून धर्मावरून शेरेबाजी सहन करावी लागे. १९२५ च्या सामन्यानंतर ही मालिका थांबली. चांगला महसूल देणारा सामना वेळापत्रकातून गेला.

याच १९२५ मध्ये, नोव्हेंबरात, रॉकनींनी कॅथलिक पंथ स्वीकारला. पाठोपाठ डिसेंबरात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी प्रशिक्षकपदाचा करार केल्याची बातमी फुटली. गाजावाजा झाल्यावर कोलंबियाने त्यांना मोकळे केले आणि ते नोटर डेमलाच राहिले. मोठे स्टेडियम बांधण्याबाबत विद्यापीठ चालढकल करत असल्याने ते अस्वस्थ होते.

मग नोटर डेमला खरेच स्वतंत्र राहायचे होते का?

नाही. कहाणीतील महत्त्वाचा मुद्दा हाच. फादर वॉल्श आणि रॉकनी या दोघांनाही वेस्टर्न कॉन्फरन्सचे सदस्यत्व हवे होते. सदस्य झाल्यास प्रवास कमी होईल, अभ्यासाकडे दुर्लक्ष होते ही टीका थांबेल आणि मिशिगन, इलिनॉय, ओहायो स्टेट यांच्या पंगतीत बसता येईल, असा हिशेब होता. नोटर डेमने कॉन्फरन्सच्या पात्रतेच्या नियमांशी आपले नियम जुळवून घेतले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात न खेळवण्याची अटही पाळली. याआधीही प्रयत्न झाले होते. १९२६ मध्ये सदस्य विद्यापीठांशी पुन्हा बोलणी झाली.

पुन्हा नकारच मिळाला. खेळावर प्राध्यापकांचे नियंत्रण पुरेसे नाही, पात्रतेबाबत शंका आहेत, अशी कारणे पुढे होती. योस्ट यांचा विरोध कायम होता. सतत जिंकणाऱ्या संघाला आत घेऊन आपली जेतेपदे धोक्यात कशाला घालायची, हा विचारही त्यात होता. कॉन्फरन्सचे सदस्य सारेच नियमांत चोख होते असे नाही. याच कॉन्फरन्सने १९२९ मध्ये खेळाडूंना छुपे पैसे दिल्याच्या आरोपांवरून आयोवा विद्यापीठाला निलंबित केले. पण ते निलंबन सदस्याचे होते आणि काही महिन्यांत मागे घेतले गेले. नोटर डेम तर दाराबाहेरच होते.

नकाराला उत्तर काय मिळाले?

वेळापत्रक आणखी विस्तारले. नेब्रास्काची जागा भरायची होती. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजे यूएससीने, मालिकेचा प्रस्ताव मांडला होता. तीन हजार किलोमीटरहून लांबचा रेल्वेप्रवास पाहून रॉकनी आधी कचरले. यूएससीच्या प्रतिनिधीच्या पत्नीने रॉकनींच्या पत्नी बॉनी यांना कॅलिफोर्नियाच्या उबदार हिवाळ्याची मोहिनी घातली आणि मग होकार आला, अशी आख्यायिका सांगितली जाते. दोन्ही बाजूंना दिसणारा तिकिटांचा आकडा हे अधिक भक्कम कारण असावे. ४ डिसेंबर १९२६ रोजी पहिला सामना झाला आणि नोटर डेमने तो १३-१२ असा जिंकला. देशाच्या दोन टोकांतील दोन विद्यापीठांची ही वार्षिक लढत अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील सर्वांत गाजलेल्या मालिकांपैकी एक ठरली. एकाच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या, शेजारी नसलेल्या संघांमध्येही वैर आणि जिव्हाळा निर्माण होऊ शकतो, हे तिने दाखवले.

त्याआधीच्याच शनिवारी रॉकनींना एक फटका बसला होता. २७ नोव्हेंबरला संघ पिट्सबर्गमध्ये कार्नेगी टेकशी खेळत असताना प्रशिक्षक स्वतः शिकागोत होते. सोल्जर फील्डवर आर्मी आणि नेव्ही यांचा सामना पाहण्यासाठी त्यांनी संघ सहायकावर सोपवला होता. कार्नेगी टेक १९-० असे जिंकले. हंगामातला तो एकमेव पराभव आणि राष्ट्रीय जेतेपद त्यामुळे हुकले. वेळापत्रकातील कोणता सामना सोपा, हा त्यांचा अंदाज या वेळी साफ चुकला.

१९२७ मध्ये फादर वॉल्श यांनी ‘फायटिंग आयरिश’ हे टोपणनाव अधिकृत केले. ज्या ओळखीवरून हेटाळणी होई, तीच ओळख विद्यापीठाने स्वतःहून मिरवायला घेतली.

घरचे मैदानच नव्हते, तेव्हा काय झाले?

अखेर स्टेडियमला मंजुरी मिळाली. बांधकामामुळे १९२९ च्या हंगामात घरच्या मैदानावर एकही सामना ठेवता येणार नव्हता. कॉन्फरन्समधील संघाची अशा वेळी पंचाईत झाली असती. रॉकनींनी ब्लूमिंग्टन, बाल्टिमोर, पिट्सबर्ग, अटलांटा, एव्हन्स्टन, न्यूयॉर्क आणि तीनदा शिकागोचे सोल्जर फील्ड असे नऊ सामने आखले. शिकागोतील यूएससीविरुद्धच्या सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक आले; तोही निकाल १३-१२. त्या हंगामात रॉकनींच्या पायातील शिरांना सूज आली होती आणि रक्ताची गुठळी जिवावर बेतण्याची भीती होती. डॉक्टरांचा सल्ला बाजूला ठेवून ते काही सामन्यांना चाकांच्या खुर्चीतून हजर राहिले. संघ नऊच्या नऊ सामने जिंकला.

ऑक्टोबर १९३० मध्ये सुमारे ५४ हजार प्रेक्षकांचे नोटर डेम स्टेडियम खुले झाले. महामंदीची सुरुवात झालेली असताना ते उभे राहू शकले, कारण देशभरच्या सामन्यांतून आलेला पैसा हाताशी होता. कार्टियर फील्डची हिरवळ उचलून नव्या मैदानात लावण्यात आली. त्या हंगामात दहापैकी पाच सामने घरी झाले, दहाही जिंकले. शेवटचा लॉस एंजेलिसमध्ये यूएससीविरुद्ध, २७-०. तो रॉकनींचाही शेवटचा सामना ठरला.

रॉकनी यांचा मृत्यू कसा झाला?

३१ मार्च १९३१ रोजी ते मिझुरीतील मोठ्या शहरातून, कॅन्सस सिटीहून, लॉस एंजेलिसला विमानाने निघाले होते. नोटर डेमवरील एका चित्रपटाच्या कामासाठी हा प्रवास होता. कॅन्सस राज्यातील बझार या वस्तीजवळ त्यांचे फोकर एफ-१० विमान कोसळले आणि विमानातील आठही जण दगावले. रॉकनींचे वय ४३ होते. विमानाचा लाकडी पंख ओलाव्यामुळे आतून कमकुवत झाला होता. लोकांच्या संतापामुळे सरकारला या प्रकारची विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. अपघातांच्या चौकशीत पारदर्शकतेची मागणी वाढली आणि पूर्णतः धातूच्या प्रवासी विमानांकडे कंपन्या वेगाने वळल्या. अंत्यविधीचे रेडिओवरून देशभर प्रक्षेपण झाले. नॉर्वेच्या राजाने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला.

मुख्य प्रशिक्षक म्हणून १३ हंगामांत त्यांच्या नावावर १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी आहेत. विजयांची ही टक्केवारी ८८ च्या वर जाते.

आज त्यांच्या कामाचे महत्त्व काय?

रॉकनींनंतर नोटर डेमची वेळापत्रकाची पद्धत कायम राहिली. चित्र पुरते उलटले ते १९९९ मध्ये. बिग टेनला आता नोटर डेम हवे होते. फेब्रुवारीत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी स्वतंत्र राहण्याचा निर्णय घेतला. ज्या दारावर रॉकनी थांबले होते, ते उघडले तेव्हा आत जाण्याची गरज उरली नव्हती. १९९१ पासून घरच्या सामन्यांसाठी एनबीसी वाहिनीशी विद्यापीठाचा स्वतंत्र करार आहे. एका विद्यापीठाला असा करार मिळण्यामागे देशभर विखुरलेला प्रेक्षक आहे आणि तो १९२० च्या दशकातील रेल्वेप्रवासांनी जोडला.

स्वातंत्र्य आता पूर्वीइतके मोकळे नाही. बहुतेक इतर खेळांसाठी नोटर डेम २०१३ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले आणि त्या बदल्यात वर्षाला सरासरी पाच फुटबॉल सामने त्या कॉन्फरन्सच्या संघांशी खेळण्याचे मान्य केले. करोनाच्या २०२० च्या हंगामात बाकीच्या कॉन्फरन्सनी बाहेरचे सामने कमी केल्यावर नोटर डेमला एक वर्ष फुटबॉलमध्येही सदस्य म्हणून खेळावे लागले. कॉन्फरन्स आपल्या सदस्यांचे शनिवार जितके भरत जातील, तितके बाहेरच्या संघासाठी मोकळे शनिवार कमी उरतात. हार्पर आणि रॉकनींना सतावणारा प्रश्न अजून तोच आहे.

दुसरीकडे, कॉन्फरन्सच आता देशभर पसरल्या आहेत. लॉस एंजेलिसचे यूएससी आणि न्यू जर्सीचे रटगर्स एकाच बिग टेनमध्ये खेळतात. न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रेक्षक मिळवण्यासाठी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सामने खेळायचे, हा मार्ग एकेकाळी बाहेर ठेवलेल्या संघाने नाइलाजाने धरला होता. तेव्हा त्याला भटकेपणा म्हणत. रॉकनींच्या खेळाडूंचे वर्ग बुडतात म्हणून जी काळजी व्यक्त होई, ती आता अठरा विद्यापीठांतील सर्वच खेळांच्या विद्यार्थ्यांबाबत व्यक्त होते. फरक इतकाच, की रॉकनींकडे जवळचे सामने नव्हते. आजच्या कॉन्फरन्सनी ते स्वतःहून कमी केले आहेत.